उसन्या उंचीचा हिशेब

गाडी खालून लागते, ही तक्रार आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावरचे उपायही आता घरोघरी ठाऊक झाले आहेत. कोणी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवून घेतो, कोणी स्ट्रटच्या डोक्यावर चकती टाकून घेतो, कोणी सरळ मोठे टायर चढवतो. या सगळ्यांत सर्वांत सभ्य वाटणारा उपाय मात्र वेगळा आहे. आपल्या गाडीच्या कंपनीचीच एखादी उंच भावंड-गाडी असते. सांगाडा तोच, इंजिन तेच, फक्त जमिनीपासून चार बोटे वर. तिचे स्ट्रट आणायचे आणि आपल्या गाडीला लावायचे. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, बाजारातला नकली माल नाही. कंपनीचाच अस्सल भाग कंपनीच्याच गाडीत जातो. हा उपाय जमतो यात शंका नाही. जगात हजारो गाड्यांवर तो झालेला आहे. प्रश्न त्यातून नेमके काय मिळते हा आहे. एखादी गाडी कारखान्यातून उंच होऊन बाहेर पडते तेव्हा तिच्यात स्ट्रटखेरीज बरेच काही बदललेले असते. आपण त्यातला एकच भाग उसना आणतो. उंची आपल्या हाती येते, आणि त्या उंचीसोबत कारखान्याने जी भरपाई केलेली असते ती मागेच राहते. हा हिशेब ज्याला मांडता येतो त्यानेच या वाटेला जावे, आणि बहुतेक मालकांच्या बाबतीत तो मांडून पाहिला तर वाट बदलावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी स्ट्रट म्हणजे काय ते पाहू. गॅरेजात ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात त्याचा हा जास्त जबाबदार प्रकार. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही रचना आकाराला आणली आणि 1950 च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमधून ती रस्त्यावर आली. तिचे वैशिष्ट्य काटकसरीत आहे. धक्का शोषणारा दांडा, त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, वरचे रबरी माउंटिंग आणि बेअरिंग हे सगळे एकाच खांबात बसते. तोच खांब चाकाला उभे धरतो आणि स्टिअरिंग वळवले की स्वतःच्या आसाभोवती फिरतो. खाली लोअर आर्म असतो, वर बॉडी असते आणि मधे हा खांब. स्वस्त, आटोपशीर, आणि आडव्या बसवलेल्या इंजिनाला जागा सोडणारी ही रचना आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर आहे. साध्या शॉकअपला फक्त उसळी आवरायची असते. स्ट्रट मात्र चाकाचा कोन, वळण्याचा आस आणि गाडीची उंची या तिन्ही गोष्टी एकदम ठरवतो. स्प्रिंग ज्या बशीवर टेकते ती बशी दांड्यावर किती उंचीला जोडली आहे आणि स्प्रिंग किती लांब, किती ताठ आहे, यावर बॉडी कुठे थांबणार हे ठरते. म्हणून स्ट्रट बदलला की उंची बदलते, हे साधे तर्कशास्त्र बरोबरच आहे.

या प्रकाराची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे सुबारू या जपानी कंपनीच्या गाड्यांत सापडतात. 1992 मध्ये आलेली इम्प्रेझा आणि 1997 मध्ये आलेली फॉरेस्टर या एकाच पायावर उभ्या होत्या. लेगसी आणि तिची उंच आवृत्ती आउटबॅक यांचेही नाते तसेच. या गाड्यांच्या चारही चाकांवर स्ट्रट होते आणि नात्यातल्या गाड्यांचे पुष्कळ सुटे भाग एकमेकींना बसत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या इम्प्रेझा स्वस्तात मिळत, भंगारात निघालेल्या फॉरेस्टरचे स्ट्रटही स्वस्तात मिळत. बर्फाळ भागातले, जंगलातल्या कच्च्या वाटांवर जाणारे हौशी लोक दुसरीचे खांब पहिलीला लावू लागले. चारही चाकांना आधीच ताकद जाणारी गाडी थोडी उंच झाली की ती त्या वाटांवर खरोखर उपयोगी पडते. हा प्रयोग फसला असे कोणी म्हणू शकणार नाही. पण तो का जमला हे नीट पाहिले, तर तो सगळीकडे का जमणार नाही हेही त्यातच कळते.

सुबारूनेच आपल्या गाड्या उंच करताना काय केले ते आकड्यांत पाहता येते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या 2018 च्या इम्प्रेझाची जमिनीपासूनची उंची 5.1 इंच, म्हणजे सुमारे 130 मिलिमीटर. तिच्याच बॉडीवर बेतलेल्या क्रॉसट्रेकची 8.7 इंच, म्हणजे सुमारे 220 मिलिमीटर. फरक 90 मिलिमीटरचा. साध्या इम्प्रेझाला 205/55 आर16 मापाचे टायर होते, क्रॉसट्रेकला 225/60 आर17. टायरच्या या आकड्यांवरून चाकाची त्रिज्या काढता येते: पहिल्याची सुमारे 316 मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे 351. म्हणजे 90 पैकी 35 मिलिमीटर एकट्या चाकाने दिले. उरलेले 55 चाकाच्या वरच्या भागांतून आले. त्याआधीच्या पिढ्यांतही कंपनी स्ट्रटवर थांबली नव्हती. लेगसीवर बेतलेल्या जुन्या आउटबॅकमध्ये मागची सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये स्पेसर बसवलेले असत, म्हणजे बॉडी वर गेली तरी चाक धरणाऱ्या दांड्यांचे कोन फारसे बिघडत नसत. मागच्या चाकाला पुढून ओढून धरणारा ट्रेलिंग आर्म ज्या ब्रॅकेटवर लटकतो, तो ब्रॅकेटही खाली उतरवलेला असे. इम्प्रेझाला नुसते उंच स्ट्रट लावले की हा आर्म खाली झुकतो आणि वर्तुळाच्या कमानीत फिरून मागचे चाक पुढे खेचतो. चाक मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर न राहता पुढच्या कडेला सरकते. म्हणूनच अनुभवी हौशी लोक स्ट्रटबरोबर ते ब्रॅकेटही शोधून आणतात, कॅम्बरचे, म्हणजे चाकाच्या कलाचे, बोल्ट बदलतात, मग अलाइनमेंट करतात. कंपनीने जे केले त्याचा बराचसा भाग त्यांना भंगारातून पुन्हा जमवावा लागतो. स्ट्रट ही त्या यादीतली पहिली वस्तू आहे, एकमेव नव्हे.

हाच हिशेब आपल्याकडच्या जोडीला लावून पाहावा. मारुती सुझुकीची बलेनो आणि 2023 मध्ये बाजारात आलेली फ्रॉन्क्स या एकाच पायावरच्या गाड्या. बलेनोची जमिनीपासूनची उंची 170 मिलिमीटर सांगितली जाते, फ्रॉन्क्सची 190. हे 20 मिलिमीटर पाहून कोणालाही वाटेल, फ्रॉन्क्सचे पुढचे स्ट्रट आणावेत. पण बलेनोच्या वरच्या प्रकारांत 195/55 आर16 टायर आहेत आणि फ्रॉन्क्सला 195/60 आर16. रुंदीच्या 55 टक्के आणि 60 टक्के यांतला फरक काढला की टायरच्या भिंतीची उंची जवळपास 10 मिलिमीटरने वाढलेली दिसते. म्हणजे 20 मधले निम्मे टायरच देऊन जातो, स्ट्रटचा वाटा उरलेल्या निम्म्याहून मोठा असू शकत नाही. दुसरी अडचण मागच्या चाकांची. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे स्ट्रट नसतोच. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. मागची स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, पण तो बीम चाकांना जखडलेला असल्यामुळे जवळपास होता तिथेच राहतो. त्याला वर उचलू शकतो तो फक्त टायर. सुबारूच्या चारही कोपऱ्यांत चाललेला प्रयोग इथे अर्ध्या गाडीवरच संपतो, आणि पुढचा भाग एकटाच वर गेला तर हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आता वजनाचा मुद्दा. स्प्रिंगची उंची तिच्यावरच्या ओझ्यावर अवलंबून असते, म्हणून एका गाडीचा स्ट्रट दुसरीत गेला की पहिली उंची जशीच्या तशी मिळत नाही. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. एका चाकावर 300 किलो भार आणि स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला 20 न्यूटन असेल तर ती सुमारे 147 मिलिमीटर दबते. जड भावंडाची मिलिमीटरला 25 न्यूटनची स्प्रिंग त्याच भाराखाली 118 मिलिमीटरच दबेल. बाकी मापे सारखी असली तरी गाडी 29 मिलिमीटर वर उभी राहील. ऐकायला हा फुकटचा लाभ वाटतो. पण त्या उंचीला चाकाकडे खाली जायची जागा कमी उरलेली असते. खड्ड्यात चाक पडते तेव्हा ते खाली जाऊन जमिनीला चिकटून राहायला हवे. इथे दांडा लवकर टोकाला पोचतो आणि ठोका बसतो. शिवाय जड गाडीच्या डिझेल इंजिनासाठी बेतलेली स्प्रिंग हलक्या पेट्रोल गाडीत एकट्या चालकाला रस्त्यावरचा बारीकसारीक खडाही मोजायला लावते. चष्म्याची फ्रेम दुसऱ्याच्या नाकावर नीट बसली म्हणून त्यातला नंबर त्याचा ठरत नाही. इथेही बोल्टची भोके जुळणे आणि स्प्रिंगचा नंबर जुळणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

उंचीबरोबर कोन बदलतात, आणि खर्च वाढतो तो तिथे. बॉडी वर गेली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकतो. चाकाचा खालचा सांधा किंचित आत ओढला जातो आणि चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो, म्हणजे कॅम्बर पॉझिटिव्हकडे सरकतो. वळणावर टायरची पकड कमी होते, बाहेरची कड लवकर झिजते. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म हे एकमेकांना साजेशा कोनात बसवलेले असतात. दोघांचा मेळ बिघडला की चाक खड्ड्यात वरखाली होताना स्वतःहून थोडे वळते, आणि चालकाला सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे ओढल्यासारखी वाटते. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त वाकलेल्या कोनात फिरू लागतात. त्यांचे रबरी बूट आधी फाटतात, ग्रीस निघून धूळ आत जाते, मग पूर्ण वळण घेताना कट-कट ऐकू येते. ब्रेकचा होज पाइप, एबीएसच्या वायरी, स्टॅबिलायझरची लिंक यांना खाली लोंबायला ठरावीकच लांबी दिलेली असते. काही नव्या गाड्यांत समोरचा कॅमेरा आणि रडार पाहून आपोआप ब्रेक लागतो. ती यंत्रणा ठरावीक उंची आणि कोन गृहीत धरून जुळवलेली असते. थोड्या उंचीला यातले काहीच लगेच तुटत नाही. सगळे थोडे थोडे आधी झिजते, म्हणूनच बदलाच्या दुसऱ्या दिवशी मालक समाधानी असतो आणि झिजेचे बिल येते तेव्हा त्याचे नाते कोणी स्ट्रटशी जोडत नाही.

सर्वांत गंभीर बाब तोलाची. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा गाडी कलंडण्याचा धोका जोखताना एक साधे गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. त्या यंत्रणेच्या नोंदींनुसार बहुतेक साध्या मोटारींचा हा आकडा 1.30 ते 1.50 यांच्या दरम्यान पडतो, उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचा 1.00 ते 1.30. समजा एखाद्या गाडीच्या चाकांमधली रुंदी 1450 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 530 मिलिमीटरवर आहे; गुणोत्तर 1.37. बॉडी उचलून गुरुत्वमध्य 35 मिलिमीटरने वर गेला की ते 1.28 होते. गाडी हॅचबॅकच्या गटातून निघून एसयूव्हीच्या गटात गेली, पण चालकाचा हात आणि सवय हॅचबॅकचीच राहिली. कारखाने हा धोका ओळखून वागतात. फोर्डने 2018 मध्ये फिगोच्या पायावर फ्रीस्टाइल ही किंचित उंच गाडी काढली. तिची जमिनीपासूनची उंची 190 मिलिमीटर, म्हणजे वाढ फार मोठी नव्हती. तरी तिच्या वरच्या प्रकारांत गाडी कलंडू पाहते आहे हे ओळखून ब्रेक आणि इंजिनची ताकद आवरणारी यंत्रणा दिली होती. कंपनीला थोड्याशा उंचीसाठी जे पाहावे लागले ते गॅरेजात स्ट्रट बदलताना कोणाच्याच यादीत नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की परदेशात इतके लोक असे स्ट्रट लावून वर्षानुवर्षे फिरतात, त्यांना काय झाले? उत्तर दोन भागांत आहे. एक तर ते ज्या वाटांवर जातात तिथे वेग कमी असतो. बर्फात किंवा जंगलाच्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरला तोलाची परीक्षा होत नाही. आपल्याकडे हीच गाडी सकाळी गल्लीतला गतिरोधक ओलांडते आणि दुपारी समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने धावते. त्या वेगाला अचानक आडवे आलेले जनावर चुकवताना गुणोत्तरातला फरक जाणवेल. दुसरे म्हणजे टिकून राहिलेल्या गाड्याच आपल्याला दिसतात. त्यांतल्या चांगल्या गाड्यांवर स्ट्रटखेरीज ब्रॅकेट, बोल्ट आणि अलाइनमेंट यांचे कष्ट झालेले असतात. नुसते खांब बदलून निघालेल्यांचा अनुभव त्या कौतुकात मोजला जात नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. स्ट्रट हा सुटा भाग आहे, झिजला की बदलतोच, मग कंपनीचाच दुसरा स्ट्रट लावला तर कायद्याचे काय बिघडते? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. जमिनीपासूनची उंची आरसी बुकात छापलेली नसते, हा युक्तिवाद होऊ शकतो आणि रस्त्यावरचा पोलीस टेप घेऊन गाडीखाली वाकणारही नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो. मूळ मापाबाहेरचे सस्पेन्शन त्याच्या अहवालात आले की दाव्याचा वाद मालकाच्याच माथी येतो. शंकेचा फायदा आपल्याला मिळेल असे गृहीत धरून रोज गाडी चालवणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: रस्ते असे असताना माणसाने करायचे तरी काय? इथे आधी नीट विचारावे लागते की गाडी नेमकी कशाने लागते. जाहिरातीतला उंचीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. एसयूव्हीवरच्या उपकराच्या व्याख्येत 170 मिलिमीटरची अट होती, आणि ती रिकाम्या गाडीची उंची धरावी, हे जीएसटी परिषदेला जुलै 2023 मध्ये मुद्दाम स्पष्ट करावे लागले होते. पाच माणसे आणि सामान मिळून 400 किलो भरले आणि चार स्प्रिंगा मिलिमीटरला 20 न्यूटनच्या असल्या, तर गाडी सरासरी 49 मिलिमीटर खाली बसते. 170 चे 120 उरतात. आता गतिरोधकाचे माप पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यावर 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. अडीच मीटर अंतराच्या चाकांची गाडी अशा कमानीवर चढली की दोन्ही चाकांच्या मध्ये रस्ता फक्त 46 मिलिमीटर वर येतो. भरलेल्या गाडीखाली 120 मिलिमीटर शिल्लक असतात. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर साधी हॅचबॅक, पाच माणसांसकट, हळू नेली तर घासायला नको. ऑइलचा चेंबर फुटतो तो रातोरात ओतलेल्या डांबराच्या अरुंद, उभ्या उंचवट्यावर. त्याला माप नसते, म्हणून त्याच्यासाठी गाडी किती उंच करावी यालाही माप नाही.

तेव्हा मालकाच्या हातात जे आहे त्याचा क्रम लावता येतो. जुन्या गाडीत आधी गेलेली उंची परत मिळवावी: थकलेल्या स्प्रिंगा, दबलेली माउंटिंग रबरे आणि तेल सोडलेले शॉकअप बदलून त्याच मॉडेलचे नवे घातले की गाडी पुष्कळदा मूळ जागी येते, आणि यात कोणताही कोन बिघडत नाही. मग टायर: त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने स्वतः मान्य केलेले उंच भिंतीचे माप असेल तर तेवढेच घ्यावे, तोच एक उपाय मागच्या बीमलाही वर उचलतो. इंजिनखाली संरक्षक पत्रा लावावा, पण तो स्वतः काही मिलिमीटर उंची खातो हे धरून. भावंड-गाडीच्या स्ट्रटचा विचार त्यानंतर, तोही चार चाकांवर स्ट्रट असलेल्या, वजनाने जवळ असलेल्या जोडीत, बाकीची सगळी यादी पुरी करण्याची तयारी असलेल्या आणि कायद्याने तसे करू देणाऱ्या ठिकाणच्या माणसाने करावा. ज्याला रोजच खडकाळ वाटेने जायचे आहे त्याने पुढच्या खेपेला उंच गाडीच घ्यावी. कारखान्याने त्या उंचीची भरपाई आधीच केलेली असते. राहतात ते बहुसंख्य लोक, ज्यांची अडचण घराजवळच्या दोन-तीन बेकायदा उंचवट्यांची आहे. त्यांनी तीन सेंटिमीटरची मागणी गॅरेजात नेण्याआधी 3.7 मीटर आणि 10 सेंटिमीटर हे दोन आकडे लिहून प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा. तिथे ती मान्य झाली तर मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला, रिक्षाला आणि रुग्णवाहिकेला ती लागू होते, आणि कोणाच्याही गाडीचा तोल त्यासाठी गहाण पडत नाही.